टेनिसची दोन तिकिटं

वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत मी टेनिसचा एकही सामना प्रत्यक्ष पाहिला नव्हता. रॅकेटही कधी हातात धरली नव्हती. तरीही टेनिसबद्दल मला बरंच माहीत होतं, आणि ते कसं माहीत हे सांगायची मला थोडी लाज वाटायची.

आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर बाबांचा वर्तमानपत्रांचा स्टॉल आहे. न खपलेल्या अंकांच्या फक्त वर छापलेल्या नावाच्या पट्ट्या कापून परत पाठवायच्या असत, बाकीचा अंक आमच्याकडेच राहायचा. क्रिकेटचं पान कोणी ना कोणी मागून न्यायचं. उरायची ती कोपऱ्यातली टेनिसची चौकट, कारण तिला गिऱ्हाईक नव्हतं. ती कापून मी जुन्या वहीत चिकटवायची. रविवारच्या पुरवणीत 'ठाऊक आहे का?' अशा धर्तीची एक छोटी चौकट यायची, ती तर मी आणि बाबा एकमेकांना तोंडपाठ म्हणून दाखवायचो.

अडचण एवढीच होती की आमच्या गावी येणारा अंक आदल्या संध्याकाळीच छापून निघायचा. तेव्हा विम्बल्डनचे सामने अर्ध्यावर असायचे. स्टॉलवर कोणी विचारलंच की काल कोण जिंकलं, तर बाबा म्हणायचे, "उद्या सांगतो." इतिहासातला सर्वांत लांबलेला सामना, अकरा तास पाच मिनिटांचा, तीन दिवस चाललेला, आमच्याकडे असाच तुकड्या-तुकड्यांनी आला. शेवटच्या सेटचा एकोणसाठ-एकोणसाठ हा आकडा वाचून बाबांना छपाईची चूक वाटली होती. त्या सामन्यात मैदानावरचा धावफलकसुद्धा सत्तेचाळीस-सत्तेचाळीसला बंद पडला होता, हे कळल्यावर आम्ही दोघं किती हसलो!

पण या सगळ्यामुळे मला एक सवय लागली. दुसऱ्या दिवशीचा अंक हातात आल्याशिवाय कुठलीच गोष्ट ठामपणे बोलायची नाही. सिंगापूरला शिष्यवृत्तीवर शिकायला आले तेव्हा ही सवय फार जड गेली. इथे ट्युटोरियलमध्ये बोलण्याला गुण असतात. उत्तर येत असूनही मी मनातल्या मनात तपासत बसायचे, आणि तोवर दुसरंच कोणी बोलून मोकळं व्हायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे कसं बोलतात हे विचारायलाही कोणी नव्हतं.

टॅम्पिनीसला एका मराठी कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये मी खोली घेऊन राहत होते. त्यांची मुलगी अकरा वर्षांची, तिला मी छोटी म्हणायचे. मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आमचं छान चालायचं. एका शनिवारी तिच्या आईनं, म्हणजे काकूंनी, फोनवर आलेला निरोप वाचून दाखवला. बुओना व्हिस्टाला एका कॉन्डोच्या, म्हणजे खासगी गृहसंकुलाच्या, हॉलमध्ये मराठी मंडळींचा दिवाळीआधीचा मेळावा होता, त्यात खेळांवर प्रश्नमंजुषा. दोघांचा संघ, उत्तरं मराठीतच. अंतिम फेरी फक्त टेनिसवर, कारण बक्षीस होतं महिलांच्या वर्षअखेरीच्या स्पर्धेची दोन तिकिटं. जगातल्या पहिल्या आठ जणी त्या वर्षांत दर ऑक्टोबरला सिंगापूरला खेळायला यायच्या. तांजोंग पगारला नोकरी करणाऱ्या एका काकांना ऑफिसातून तिकिटं मिळाली होती आणि नेमकं त्याच दिवशी त्यांना परदेशी जायचं होतं. प्रश्नही तेच काढणार होते.

त्या रात्रीच्या जेवणात काय होतं ते मला आठवत नाही. स्टेडियम आमच्या घरापासून मेट्रोनं अर्ध्या तासावर होतं. इतक्या जवळ टेनिस येणार होतं, पण शिष्यवृत्तीच्या पैशांत तिकीट परवडणारं नव्हतं, आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा माझ्यासाठी हाच एक रस्ता होता.

"ताई, यू नो एव्हरीथिंग," छोटी म्हणाली. "आय प्रेस द बझर, यू टॉक. ओके?"

मेळाव्याला बझर नव्हताच. आणायचा कोणी, यावर कार्यकारिणीत तीन ईमेल झाले होते आणि शेवटी सगळ्यांना वाटलं की दुसरा आणेल. मग एका संघाला कोणाच्या तरी पूजेतली घंटा मिळाली आणि आम्हाला स्टीलचं ताट आणि आमटी वाढायचा डाव. आम्ही पहिल्या दोन फेऱ्या कशाबशा पार केल्या. अंतिम फेरीत समोर होते पुण्याचे दोन दादा, दोघंही विद्यापीठात पोस्टडॉक करणारे. घंटा त्यांच्याकडे.

"अगं, तुम्ही वाजवा ताट," त्यांच्यातला चष्मेवाला म्हणाला, "आम्ही जेवून घेतो."

हॉल हसला. छोटीनं डाव असा धरला की तो आता त्याच्याच डोक्यात बसेल.

पहिला प्रश्न आला. विम्बल्डनच्या पुरुषांच्या करंडकावर टोकाला काय आहे? प्रश्न संपायच्या आतच ताट दणाणलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मला वाटतं... अननस असावा. म्हणजे, मी वाचलंय असं, पण..."

"असावा की आहे?" काकांनी विचारलं.

खरंच आहे ना? चित्रात तर तसं दिसत होतं. पण चित्र धुरकट होतं. उत्तरासाठी दिलेले पाच सेकंद संपले. घंटा वाजली आणि दादा आरामात म्हणाला, "अननस आहे."

"यू न्यू! व्हाय यू नेव्हर से?" छोटी माझ्या कानात ओरडली. तिचे डोळे पाण्यानं भरले होते. मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. हिनं माझ्यावर विश्वास टाकला होता आणि मी अननसावर अडले होते.

दुसऱ्या प्रश्नाला मी डोळे मिटून बोलायचं ठरवलं. विम्बल्डनची कबुतरं कोण हाकलतं? "ससाणा!" मी इतक्या जोरात म्हटलं की मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी दचकून चिवड्याची वाटी सांडली. गवत, माती आणि हार्ड कोर्ट अशा तिन्ही प्रकारांवर खेळली गेलेली ग्रँड स्लॅम कोणती? अमेरिकन ओपन. एका खेळाडूनं विम्बल्डनमध्ये एकही पॉइंट न गमावता अख्खा सेट जिंकला, तेव्हा तिनं सलग किती पॉइंट घेतले? चोवीस! आता मला मजा यायला लागली होती. अंगात वीज खेळत होती. वहीतली पानं डोळ्यांसमोर आपोआप उलटत होती आणि मी फक्त वाचत होते. ऑस्ट्रेलियन ओपन आणखी कोणत्या देशात झाली होती, हे मात्र दादांनी आमच्याआधी सांगितलं, न्यूझीलंड. विम्बल्डनला चेंडू पांढऱ्याचा पिवळा झाला तो टीव्हीवर नीट दिसावा म्हणून, हेही त्यांनीच सांगितलं. ते खरंच हुशार होते. आठ प्रश्न झाले तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते.

"शेवटचा प्रश्न," काका म्हणाले. "एकोणीसशे शहाऐंशी साली पुरुषांची ऑस्ट्रेलियन ओपन कोणी जिंकली?"

छोटीचा डाव वर गेला आणि तिथेच थांबला, कारण मी तिचा हात धरला होता. हा प्रश्न मला फार चांगला माहीत होता. बाबांचं ते आवडतं कोडं होतं.

घंटा वाजली. दादांनी एका स्वीडिश खेळाडूचं नाव घेतलं.

"बरोब्बर!" काका म्हणाले. टाळ्या झाल्या. काकांनी टेबलावरचं पाकीट उचललं. चष्मेवाला दादा उठून दोन पावलं चाललासुद्धा.

मला सगळ्यांसमोर काकांची चूक काढायची नव्हती. ते वयानं, मानानं मोठे, तिकिटंही त्यांचीच. आणि पराभवानंतर कुरकुर करणारी मुलगी मला व्हायचं नव्हतं. शिवाय नेहमीचा प्रश्न होताच, मला नक्की माहीत आहे का? मी स्वतःला विचारलं, आणि उत्तर आलं, हो. एकदा नाही, मी ते चार वेगवेगळ्या कात्रणांत वाचलं होतं. मग कशाची वाट बघतेय मी?

"अंकल!" छोटी खुर्चीवर उभी राहिली. "ताई हॅज समथिंग टु से."

"मराठीत," कोणीतरी ओरडलं.

"ताईला... सांगायचं हाय!"

तिच्या त्या 'हाय'वर सगळे खळखळून हसले. ते हसणं माझ्या फार उपयोगी पडलं. मी उभी राहिले.

"काका, माफ करा. पण त्या वर्षी ती स्पर्धा झालीच नाही."

"झाली नाही?" काका हसत म्हणाले. "अगं, मी टीव्हीवर बातम्यांत पाहिलाय तो निकाल. माझी बारावी होती. शहाऐंशी-सत्त्याऐंशी."

"तेच, काका. आधी ती डिसेंबरात व्हायची. मग ती पुढे ढकलून जानेवारीत नेली. म्हणून पंच्याऐंशीच्या डिसेंबरात एक झाली आणि पुढची थेट सत्त्याऐंशीच्या जानेवारीत. मधलं वर्ष रिकामंच गेलं. दोन्ही वेळी जिंकला तोच खेळाडू, म्हणून तुमची गल्लत होणं साहजिक आहे. तुम्ही शाळेच्या वर्षानं धरलंत."

हॉलमध्ये वीस-पंचवीस जणांनी खिशातून फोन काढले. काकांनीही काढला. चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ वाचत राहिले. गंमत अशी, की त्या अर्ध्या मिनिटात मला भीती वाटत नव्हती.

"च्यायला," काका म्हणाले. मग बायकोकडे बघून, "अगं, माझी अख्खी बारावी मी चुकीच्या सालात लक्षात ठेवलीये!"

"टक्के तरी बरोबर आठवतात का?" बायकोनं तिथूनच विचारलं. हॉल डोक्यावर उचलला लोकांनी.

"काका, पण तुमच्या कागदावर आमचं उत्तर आहे," चष्मेवाला दादा म्हणाला, पण तोही हसत होता. "आम्ही न झालेल्या स्पर्धेचा विजेता ओळखला. दुप्पट मार्क द्या."

"तुम्ही खाली बसा," काका म्हणाले. "प्रश्न रद्द. एक जादा प्रश्न. हा माझ्या बारावीच्या आठवणीतला नाही, नियमांच्या पुस्तकातला आहे."

छोटीनं डाव दोन्ही हातांत धरला. मी तिच्या हातांवर माझे हात ठेवले.

"मोठ्या स्पर्धांमध्ये नवे चेंडू दर नऊ गेमनंतर काढतात," काका सावकाश म्हणाले. "पण पहिल्या वेळी मात्र..."

ताट असं वाजलं की ते टेबलावरून खाली पडून गोल गोल फिरत राहिलं. मी त्या आवाजावर ओरडून म्हणाले, "पहिल्या वेळी सात गेमनंतर! कारण सामन्याआधीचा सराव दोन गेमच्या बरोबरीचा धरतात!"

'मला वाटतं' नाही, 'असावं' नाही. ताट थांबेपर्यंत काका थांबले.

"'सातनंतरच का?' असाच प्रश्न होता," ते म्हणाले. "आहे. बरोबर आहे."

त्यानंतर छोटी माझ्या गळ्यात पडली आणि आम्ही दोघी खुर्चीसकट मागे कलंडता कलंडता वाचलो. दादांनी माझ्याशी हात मिळवला. चष्मेवाला म्हणाला, "सरावाचं मला माहीतच नव्हतं. कुठे वाचलंस?" मी सांगितलं, बाबांच्या स्टॉलवर. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. तो म्हणाला, "भारी स्टॉल आहे."

चारच दिवसांनी आम्ही दोघी पाया लेबारला गाडी बदलून स्टेडियमला उतरलो. जागा अगदी वर, छताजवळ होत्या. दिवे बंद झाले, कर्कश संगीत लागलं, आणि मग उजेडात ते जांभळं कोर्ट दिसलं. मी मनात आकडे घोळवत होते. खेळणाऱ्या दोघी याआधी किती वेळा भेटल्या, कोण किती वेळा जिंकली.

पहिला फटका बसला आणि सगळं गेलं. कागदावर टेनिसला आवाज नसतो. चेंडूचा तो ठोका, बुटांची कुरकुर, खेळाडूच्या छातीतून निघणारा हुंकार, हे कुठल्या चौकटीत येणार होतं? चेंडू जाळीवरून इतका खालून जातो, इतक्या वेगानं जातो, हे मला माहीतच नव्हतं. सर्व्हिसपूर्वी खेळाडू तीन चेंडू घ्यायची, निरखून बघायची आणि एक परत करायची. तो एक का नको, हे मी विचार करून करून थकले. एका लांबलेल्या रॅलीच्या मधेच मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. बाजूच्या चिनी आजींनी माझा कुर्ता धरून मला हळूच खाली बसवलं.

"फर्स्ट टाइम आह?" त्यांनी विचारलं.

मी जोरजोरात मान हलवली. त्यांनी पिशवीतलं एक संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं, पण डोळे कोर्टवरच.

मधल्या विश्रांतीत छोटीनं बाहीला ओढलं. "ताई, व्हॉट्स द स्कोअर? हू इज विनिंग?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नव्हतं. समोर भिंतीएवढा फलक होता, त्याच्याकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"ठाऊक नाही गं," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी वर बघायला लागेपर्यंत खेळाडू उठून उभ्या राहिल्या होत्या, म्हणून पुन्हा खालीच बघितलं.