फ्लॅट सोडून

१९८३ साल, वैशाख महिना. गिरणी संपाला वर्ष उलटून गेलं होतं. लालबागच्या आमच्या चाळीत पगार सोडून सगळं साठत होतं. किस्से तर इतके, की संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसलं की एकातून दुसरा निघायचा. माणूस गिरणीत पाळीभर साच्यावर, म्हणजे मागावर, उभा असला की त्याच्या बाबतीत काही घडत नाही. रिकामा बसला की घडतं.

परवा नातवाने मोबाइल दाखवला. कुठल्याशा धर्मादाय संस्थेची सोडत. तिकीट घ्या, आलिशान फ्लॅट जिंका.

"आजोबा, घेऊ का? असलं काही लागतं का हो?"

लागतं. आम्हाला लागलं होतं. आम्ही म्हणजे तिघे, एकाच साचेखात्यातले. दाजी परब, बाळा घाडी आणि मी.

* * *

आधी शांताबाईचं सांगतो. ती वरळी कोळीवाड्यातली. आमच्या चाळीच्या जिन्याखाली तिची बर्फाची पेटी असायची, तिथेच बसून मासे विकायची. संप लागल्यापासून चाळीला उधारीवर मासे देत होती. जिन्याखालच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा मारायची. आम्हा तिघांच्या रेघा तिने एकत्रच केल्या होत्या.

"वेगल्या कशाला? संप एकच हाय ना तुमचा?"

दाजीला हे झोंबायचं. मानी माणूस. त्याने मासे बंद केले आणि मागच्या दाराने ये-जा सुरू केली. एक दिवस तिने त्याला मोरीपाशी गाठलं.

"परब, तोंड काय चुकवतोस रं? तुझं तोंड बघायला मी कुठं येते? मी तुझ्या पोटाला गिऱ्हाईक समजते!"

आणि त्याच्या पिशवीत बोंबील टाकून गेली. दाजीने खाल्ले. रडत खाल्ले, पण काटाही ठेवला नाही.

तिची पेटी मात्र सडली होती. पत्र्याला भोकं पडलेली. बर्फ दुपारपर्यंत टिकत नसे, उरलेला मासा पडेल भावात जायचा. नवी पेटी करायला पैसे नव्हते, कारण ते आमच्या पोटात होते. ती म्हणाली, "नारली पुनवेपर्यंत पेटी झाली नाय, तर मी लालबाग सोडते."

त्या दिवसापासून आम्हा तिघांना एकच घोर.

* * *

अशात एक बाई चाळीत आल्या. शिवाजी पार्कच्या, शुद्ध बोलणाऱ्या. अंध मुलांच्या शाळेसाठी सोडत होती. पहिलं बक्षीस वरळीला समुद्रासमोर फ्लॅट.

"लागला तर फ्लॅट, नाही लागला तर पुण्य!" त्या म्हणाल्या.

घाडीने विचारलं, "बाई, पुण्य उधारीवर मिळतं का?"

बाई हसल्या, पण उधारी दिली नाही. तिकीट आमच्यासाठी भारी होतं. मी म्हटलं, हा मूर्खपणा आहे. दाजी म्हणाला, "नाना, फ्लॅट विकून शांताबाईला सोन्याची पेटी करू." घाडी म्हणाला, "आंधळ्या पोरांना तरी मिळेल." तेव्हा मी हो म्हटलं. घाडीने विडी सोडली, दाजीने चहा सोडला, मी माझं घड्याळ विकलं. संपात घड्याळाचं काम तरी काय!

तिकिटावर नाव कोणाचं, यावर तंटा झाला. शेवटी तिघांपैकी कोणाचंच नको म्हणून दाजीच्या बायकोचं घातलं. ती म्हणाली, "राशन कार्डावर माझं नाव शेवटी असतं, इथे कसं पहिलं?"

* * *

तिकीटवाल्यांना फ्लॅट बघायला परवानगी होती. आम्ही तिघे इस्त्रीचे कपडे घालून वरळीला गेलो. लिफ्टमनने विचारलं, "प्लंबर?"

"मालक!" घाडी म्हणाला.

आत गेलो. दाजीने चपला दाराबाहेर काढल्या, मग परत जाऊन हातात घेतल्या. घर बरं होतं. पण संडास घरातच! घाडीचं तोंड कडू झालं. "म्हणजे जेवायचं कुठे?"

न्हाणीघरात पांढराशुभ्र मोठा टब होता. घाडीने दाखवणाऱ्या मुलाला विचारलं, "ह्यात कपडे भिजवतात?"

"नाही, माणूस."

"मेलेला?"

"जिवंत! झोपून आंघोळ करतात."

"जित्या माणसाला झोपवून आंघोळ? आमच्याकडे ती एकदाच घालतात!"

मग दाजीने खिडकी उघडली. खाली समुद्र, आणि बाजूला अख्खा कोळीवाडा. होड्या, वाळत घातलेलं म्हावरं, सगळं स्पष्ट. दाजी झटकन मागे सरकला.

"काय झालं?"

"शांताबाईचं घर दिसतं रे. तिने वर बघितलं तर!"

* * *

आता गाऱ्हाण्याचं. आमच्या कोकणात कुठलंही काम काढलं की देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मांडायचं, बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. घाडीचा आवाज खणखणीत. तिकीट नारळापुढे ठेवून त्याने सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या तिकिटार जां काय गावात, तां सगळां शांताबायक जाव दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खी चाळ ओरडली.

"मधी जो कोण आडवो येयत, तेका उभो आडवो कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

नारळ फुटला, खोबरं वाटलं, सगळे खूश. मध्येच दाजीचा घास थांबला. जे काही मिळेल ते शांताबाईचं, असं घाडी देवाला सांगून बसला होता.

"मेल्या घाडी, जां काय गावात म्हणालास! फ्लॅट गावलो तर? अख्खो फ्लॅट शांताबायक?"

घाडीचा चेहरा पडला. देवाला दिलेला शब्द मागे घेता येत नाही. दुरुस्त करता येतो की नाही, यावर चाळीत बराच काथ्याकूट झाला. एक म्हातारे म्हणाले, दुसरा नारळ फोडला तर चालतं. दुसरा नारळ उधारीने आणला आणि घाडी पुन्हा उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! मगाशी लेकराची चूक झाली, ती पोटात घाल! फ्लॅट सोडून दुसरां जां काय गावात, तां शांताबायक जाव दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

देव आमचा कडक. कान तिखट.

* * *

सोडत श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दादरच्या एका हॉलमध्ये. शाळेतल्या एका आंधळ्या मुलीने चिठ्ठ्या काढल्या. पहिली चिठ्ठी निघाली. फ्लॅट ज्याला लागला तो हॉलमध्ये आलाही नव्हता. दाजी म्हणाला, "समुद्र बघत बसला असेल घरी."

आम्ही उठलो. तेवढ्यात माइकवर दाजीच्या बायकोचं नाव. तिसरं बक्षीस! आम्ही खुर्च्या पाडत पुढे धावलो. व्यासपीठावरचा पडदा बाजूला झाला.

टब. एका दुकानदाराने शाळेला देणगी दिलेला, परदेशी.

घाडीने वर बघून हात जोडले. "फ्लॅट सोडून म्हणालो, तर फ्लॅट सोडून आतलां दिलंस होय रे!"

टब हातगाडीवर घालून लालबागला निघालो. ऊन लागू नये म्हणून दाजीने वर पांढरी चादर टाकली. ही अक्कल त्याचीच. परळपाशी लोक थांबून नमस्कार करायला लागले. एका दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं. एक म्हातारा टोपी काढून गाडीबरोबर चालायला लागला आणि हळूच घाडीला म्हणाला, "कोण गेलं?"

"फ्लॅट गेला!" घाडी म्हणाला.

* * *

टब जिन्यावरून वर जाईना. उभा केला, आडवा केला, कठडा काढला. शेवटी जिन्याखाली शांताबाईच्या पेटीशेजारी ठेवला. सणाच्या तयारीमुळे त्या दिवशी ती आली नव्हती.

चाळीतल्या बायका जमल्या. पाण्याची बोंब तेव्हाही होतीच. दाजीची बायको टबाभोवती दोनदा फिरली.

"ह्यात दोन दिवसांचं पाणी मावेल. तिकीट माझ्या नावाचं आहे. हा माझा."

भंगारवाला आला. त्याने बोटाने टब वाजवला आणि जेवढे सांगितले तेवढ्यात पेटीची कडीसुद्धा आली नसती.

घाडी म्हणाला, "दाजी, वहिनी म्हणतात ते खरं. शांताबाई काय झोपून आंघोळ करणार?"

दाजी बायकोकडे बघत राहिला. वर्षभर त्या बाईने रिकाम्या डब्यांतून घर चालवलं होतं. पहिल्यांदाच काहीतरी मागत होती.

"गाऱ्हाण्यात तूही होय म्हाराजा म्हणालीस," तो म्हणाला.

"म्हणाले."

"मग?"

ती घरात गेली, राखेची वाटी आणि काथ्या घेऊन आली आणि टब घासायला बसली. आरशासारखा केला.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शांताबाई आली. डोक्यावर पाटी, मागे बर्फाची लादी घेऊन हमाल. जिन्याखाली थबकली.

"ह्यो कोनाचा?"

"तुझा," दाजी म्हणाला. कितीतरी महिन्यांनी तो पुढच्या दाराने आला होता.

तिने आत हात फिरवला. तळाचं बूच काढलं, तांब्याभर पाणी ओतलं, ते भोकातून कुठे जातं ते वाकून बघितलं. बूच परत लावलं. हमालाला खूण केली. त्याने लादी टबात ठेवून फोडली. तिने वर पापलेटं रचली, हलवा रचला, सुरमई आडवी घातली. पांढऱ्या टबात मासे असे दिसत होते की चाळ बघत राहिली.

"काय किंमत रं ह्याची, परब?"

"भिंतीवर आहे तेवढी."

संध्याकाळ झाली तरी बर्फ तसाच होता. शांताबाईने पाटी आवरली. टबातल्या गार पाण्यात पदराचं टोक बुडवलं, पिळलं, आणि भिंतीवरच्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या.