हौसाक्का, सुनंदा आणि चिंध्यांचा चेंडू

लोक म्हणतात, आम्ही आठवणी मोत्यांसारख्या जपल्यात. माझ्याकडचे किस्से उकिरड्यासारखे साचतात! रोज एक पाटी पडतेच, आणि वेळच्या वेळी उपसलं नाही तर दारातून चालायला जागा राहत नाही. म्हणून आज उपसते. मला एका जागी फार वेळ बसवत नाही. मध्येच उठले तर समजा, दूध उतू चाललंय किंवा डोकं.

उंब्रजला दूध डेअरीच्या मागच्या खोलीत मी बायकांना इंग्रजी शिकवते. सकाळचं दूध गोळा करून झालं की संध्याकाळच्या धारांपर्यंत ती खोली मोकळी असते. कॅन पालथे घातलेले, फरशी धुतलेली, वजनकाटा भिंतीला लावलेला. मी स्वतः चौथी शिकले. पुढचं इंग्रजी खताच्या पोत्यांवरून, औषधाच्या बाटल्यांवरून आणि एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाट्यांवरून घेतलं. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे त्यापायी कुणाच्या पायाही पडावं लागलं नाही.

पहिल्याच आठवड्यात डेअरीचे चेअरमन येऊन उभे राहिले. "बाई, इंग्रजी शिकवायचं म्हणजे सर्टिफिकेट लागतं."

"आहे की! तुमच्या आईच बसल्यात पहिल्या ओळीत. विचारा त्यांना काहीही."

त्यांनी आईकडे पाहिलं. म्हातारीनं डोळ्याला डोळा भिडवला आणि म्हणाली, "गो!"

चेअरमन गेले. खोली आमची झाली.

*

आता माणसं सांगते, नाहीतर तुमचा गोंधळ व्हायचा.

सुनंदा. तिचा नवरा फौजेत, लांब वर कुठंतरी. मुलगी अकरावीला, सांगलीत विश्रामबागेत खोली करून राहते. पोरगी डबा अर्धा टाकते, वरचेवर तापानं पडते आणि फोनवर "मी मस्त आहे" म्हणते. तिथंच जवळच्या एका इंग्रजी बालवाडीत मदतनीस ताई पाहिजे होती. पोरांशी चार शब्द इंग्रजीत बोलता यायला हवेत, एवढीच अट. सुनंदाला ते काम हवं होतं. काम मिळालं असतं तर पोरीजवळ राहता आलं असतं.

अडचणी दोन. इंग्रजी आणि सासू. इंग्रजीचं मी बघणार होते. सासू, म्हणजे हौसाक्का, सुनेवर लक्ष ठेवायला स्वतःच वर्गात येऊन बसली.

पहिल्या दिवशीच तिनं मला बजावलं, "आवं बाई, शिकू द्या तिला. शिकाया माजी ना न्हाई. पर जायचं न्हाई!"

तिसरी कमळ. डेअरीला सगळ्यात जास्त दूध तिचं. अंगानं भरलेली, तोंडानं त्याहून. आणि चौथे हवालदार. फौजेतून रिटायर होऊन डेअरीत दूध मोजायला बसतात. वर्गात बायकांशिवाय कुणाला प्रवेश नाही, म्हणून ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि आतलं सगळं ऐकतात.

*

मी विरुद्ध शब्द पाठ करून घेत नाही. खेळ घेते. पाठ केलेलं चुलीपर्यंत टिकत नाही.

पहिला खेळ हेवी आणि लाइटचा. खोलीच्या मधोमध खडूनं रेघ मारली. डावीकडे हेवी, उजवीकडे लाइट. "ज्या जड आहेत त्या हेवीत जा, हलक्या आहेत त्या लाइटमध्ये. पळा!"

सगळ्या उजवीकडे! ढकलाढकली, बांगड्यांचा आवाज, एकीचा पाय कॅनमध्ये. डावीकडे नुसता खडू.

मला राग आला. "कमळ, तू तरी!"

"मी का म्हनून?"

"काट्यावर चढ."

चढली. काट्याची सुई जी फिरली ती पार टोकाला जाऊन थरथरायला लागली. सगळा वर्ग बघतोय. कमळ ताठ उभी.

"बाई, मी लाइटच हाय," ती म्हणाली. "काटा हेवी झालाय!"

*

दुसरा खेळ मला आजही झोंबतो.

भरलेली वस्तू दाखवायची, 'फुल' म्हणायचं. मोकळी दाखवायची, तिचा शब्द म्हणायचा. मी डेअरीतला एक कॅन उचलला, आतून वाजवला आणि म्हटलं, "एम्प्टी!"

हौसाक्का बसल्या जागेवरून उठली आणि तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला! माझ्या! या वयात माझ्या तोंडावर हात ठेवणारी दुसरी कुणी जन्माला आलेली नाही.

"बाई! दुभत्याच्या जागंला बसून असलं बोलायचं? घरातलं तांदूळ सरलं तरी आपुन काय म्हनतो? उदंड झालं म्हनतो. दिवा इझवत न्हाई, वाडवतो. आन् तुमी भरल्या डेअरीत ह्ये काय लावलंय?"

मी तिचा हात बाजूला केला. "अहो, इंग्रजीत म्हटलं मी!"

"का? लक्ष्मीला इंग्रजी येत न्हाई व्हय?"

मी कॅन खाली ठेवला. सगळ्या बायका तिच्या बाजूनं झाल्या. तो शब्द वर्गात उच्चारायचा नाही असं ठरलं. पण खेळ तर पुढे न्यायला हवा! मी कॅन पुन्हा उचलला, तळ दाखवला. "मग याला काय म्हणायचं?"

कमळनं क्षणभर विचार केला. "टुमॉरो फुल!"

आमच्या वर्गात अजून तेच चालतं.

*

सुनंदाचं दुखणं वेगळं होतं. तिला शब्द सगळे यायचे. घरी भाकरी थापता थापता पाठ करायची. पण तिचं आयुष्य 'व्हय' म्हणण्यात गेलेलं. समोरच्यानं एक म्हटलं की आपण त्याच्या नेमकं विरुद्ध म्हणायचं, हे तिच्या जिभेला जमेना.

मी चिंध्यांचा चेंडू केला होता, माझ्याच जुन्या लुगड्याचा. एकीनं शब्द म्हणून टाकायचा, दुसरीनं झेलून विरुद्ध शब्द सांगायचा. हौसाक्कानं सुनेकडे टाकला. "हॉट!"

सुनंदानं झेलला, पदर सावरला आणि खाली बघून म्हणाली, "हॉट, आत्याबाई."

"सुनंदा! कोल्ड म्हण!"

ती माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "बाई, त्यांनी हॉट म्हटल्यावर मी कोल्ड कसं म्हनू? मला संध्याकाळी त्याच घरात जायचंय."

बाहेरून हवालदारांचा आवाज आला. "बरोबर हाय तिचं! फौजेत ऑर्डरला अपोझिट नसतो!"

"हवालदार," मी ओरडले, "आउट!"

"आउटच हाय की मी!"

*

मग मी डाव फिरवला. सुनेनं टाकायचा, सासूनं विरुद्ध सांगायचा. म्हटलं, आता तरी जमेल.

सुनंदा चेंडू घेऊन उभी. टाकेना. मी म्हणतेय, "टाक! अगं टाक!" ती घामाघूम. शेवटी डोक्यावर पदर घेतला, खोली ओलांडून गेली, वाकली आणि चेंडू हौसाक्काच्या ओंजळीत ठेवला. नैवेद्यासारखा! वर हळूच म्हणाली, "स्मॉल."

वर्ग हसून लोळला. हौसाक्का नाही हसली.

"टाकायचा व्हता न्हवं?" ती म्हणाली. "मी काय देव हाय, हातात आनून द्याला?"

"तुमच्यावर कसा टाकू, आत्याबाई?"

"मग तितं सांगलीत पोरांवर काय पाया पडून टाकनार हायस?"

मी कान टवकारले. जायचं नाही म्हणणारी बाई सांगलीतल्या पोरांचं बोलतेय! पण मी विचारायच्या आत तिनंच तोंड फिरवलं. "तसं न्हवं. जायचं न्हाईच हाय. मी आपलं बोलले."

*

एक चेहऱ्यांचा खेळही घेतला. शब्द न बोलता नुसत्या चेहऱ्यानं नाहीतर हावभावानं दाखवायचा आणि बाकीच्यांनी त्याचा विरुद्ध शब्द ओरडायचा. कमळनं हसून दाखवलं, सगळ्या ओरडल्या, "सॅड!" चेअरमनच्या आईनं कंबर धरून चालून दाखवलं, सगळ्या ओरडल्या, "यंग!" म्हातारी इतकी खूश झाली की बसायलाच तयार नाही.

हौसाक्काचा नंबर आला. मी तिच्या कानात सांगितलं, 'अँग्री' दाखवा.

ती उठायच्या आत कमळ म्हणाली, "आक्का, तुमी कष्ट घेऊ नगा. नुस्त्या बसून ऱ्हावा, आमी वळखलं!"

त्या दिवशी हौसाक्का हसली. सुनंदानं सासूला हसताना पाहिलं आणि घाबरून हातातली पाण्याची बाटली खाली पाडली.

*

आता शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगत नाही.

बालवाडीचं बोलावणं आलं. मी म्हटलं, मी नेते सुनंदाला. सकाळी स्टँडवर गेले तर हौसाक्का आधीच उभी, नऊवारी नेसून, हातात पिशवी.

"तुम्ही कशाला?"

"बघाया. बघाया काय बंदी हाय?"

एसटीत ती खिडकीशी बसली. मध्ये सुनंदा, कडेला मी. मला तर एका जागी बसणं म्हणजे शिक्षा! दोनदा उठून उभी राहिले, कंडक्टर ओरडला म्हणून बसले. कराडच्या पुढे ऊस सुरू झाला तेव्हा हौसाक्का बाहेर बघत म्हणाली, "हिचं पाटनचं माहेर बरं. सकाळी गेली तर सांजला येती. सांगली लांब." मग थोड्या वेळानं, "पोरगा तिकडं. नात सांगलीत. आता ही बी गेली की घर..."

तिनं शब्द गिळला. घर काय, ते म्हणाली नाही. सुनंदा मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली.

"आत्याबाई, मी न्हाई जात," ती हळू म्हणाली. "आपुन कराडवरनं परत फिरायचं व्हतं."

मी तोंड उघडलं. हौसाक्कानं माझ्याकडे असं पाहिलं की मी मिटलं.

बालवाडीत मोठ्या मॅडम भल्या वाटल्या. त्यांनी सुनंदाला एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाल्या, "मुलांमध्ये जा आणि एखादा खेळ घ्या." मी माझ्या पिशवीतून चिंध्यांचा चेंडू काढून दिला. सुनंदा पोरांच्या गोलात जाऊन उभी राहिली. मग एका चिमुरडीनं तिचा पदर ओढला आणि ती खाली बसली, पोरांच्या उंचीची झाली.

"बिग!" तिनं चेंडू टाकला.

"स्मॉल!"

"फास्ट!"

"स्लो!"

पोरांनी तिला सोडलीच नाही. चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे. आता पोरं शब्द टाकायला लागली आणि ही फटाफट विरुद्ध शब्द सांगायला लागली. पोरांना कसलं भ्यायचं? मी भिंतीशी उभी राहून मुठी आवळत होते. जागच्या जागी पाय नाचत होते माझे!

मॅडम आमच्याकडे वळल्या. "मला ताई पसंत आहेत. सोमवारपासून येऊ देत. पण राहावं इथंच लागेल. घरून सोडतील ना? आजी, तुमचं काय म्हणणं आहे?"

सुनंदानं ऐकलं. तिचा हात थांबला. पोरं तिच्याकडे बघायला लागली आणि ती सासूकडे.

हौसाक्कानं पिशवी माझ्या हातात दिली. नऊवारीचा ओचा सावरत पोरांच्या मधून चालत गेली आणि एका पोराच्या हातातून चेंडू काढून घेतला. सुनेच्या समोर उभी राहिली. मग चेंडू टाकला, जोरात.

"एम्प्टी!"

चेंडू सुनंदाच्या छातीवर बसला. तिचा हात पदराकडे गेला, अर्ध्यात थांबला, आणि तिनं दोन्ही हातांनी चेंडू धरला.

"फुल," ती पुटपुटली.

"ऐकू न्हाई आलं." हौसाक्कानं हात पुढे केला. "आन हिकडं."

मला वाटलं, आता ही उठणार, वाकणार, ओंजळीत ठेवणार. सुनंदा उठली. वाकली नाही. जागेवरूनच तिनं चेंडू टाकला, सासूच्या अंगावर!

हौसाक्कानं झेलला आणि परत मारला. "एम्प्टी!"

"फुल, आत्याबाई!"

"एम्प्टी!"

"फुल!"

पोरं टाळ्या पिटायला लागली, तीही "फुल! फुल!" ओरडायला लागली. दोघींचे डोळे वाहत होते आणि दोघींपैकी कुणीच पुसत नव्हतं. चेंडूच्या चिंध्या सुटायला लागल्या होत्या.

मॅडम माझ्या कानाशी आल्या. "आजींनी सांगितलंच नाही काही. आणि एकच शब्द काय पुन्हा पुन्हा? दुसरा घ्यायला सांगा ना त्यांना."

"गप बसा हो मॅडम!" मी म्हटलं. "डाव अजून चाललाय!"