अर्ध्या किमतीचा शनिवार

माझी ताई पैशाला चिकट आहे, हे मी म्हणेन. दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याची खैर नाही. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालण्यात तिचा जन्म गेला. भावजी बस चालवायचे. दोघांनी घर उभं केलं, पोराला शिकवलं, ते काही असंच झालं नाही. लग्नानंतर तिने स्वतःसाठी नवंकोरं कापड घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

पण रडतकुढत नव्हे हां. जुन्या कपड्यांच्या दुकानांतून फिरणं हीच तिची चैन. सुट्टीच्या दिवशी मला हाक मारायची, डबा-पाणी पिशवीत टाकायचं आणि बसचे पैसे वाचवत पायी निघायचं. दुकानात शिरली की बाईसाहेबांच्या अंगातच यायचं. लोकांनी देऊन टाकलेल्या टोप्या डोक्यावर चढवून आरशासमोर तोरा दाखवणार, मला नको नको ते झगे घालायला लावणार आणि घेण्यासारखा कपडा दिसला की आधी उलटा करून शिवण बघणार. तोपर्यंत माझे पाय तुटायची वेळ आलेली.

तिची एक युक्तीही होती. तिच्या आवडत्या एका दुकानात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळं अर्ध्या किमतीत. म्हणून मनात भरलेली वस्तू आधीच जुन्या चादरींच्या ढिगात दडवून ठेवायची आणि शनिवारी दार उघडताच जाऊन उचलायची. दुकानवाल्या बाईंना हे पक्कं ठाऊक होतं, पण त्या काणाडोळा करायच्या. मला मेलीला लाज वाटायची, हिला नाही.

भावजी गेले आणि महिनाभरात ताईच्या चिरंजीवांनी पराक्रम केला. आई कामावर असताना बापाचं कपाट रिकामं करून पिशव्या कुठेशी देऊन आला. वर म्हणे, जागा अडली होती, कुणाच्या तरी अंगाला लागतील. ताई त्याला "बरं केलंस" एवढंच म्हणाली. रात्री मला फोनवर म्हणाली, "कोट तरी ठेवायचा गं. एकदा विचारायचं तरी." मग रडली.

भावजींचा तपकिरी लोकरी कोट होता तो. पहाटेच्या गाडीवर घालायचे. अस्तराला ठिगळं लावून लावून ताईने तो जगवला होता. उशीच्या अभ्र्याचं, पोराच्या शाळेच्या शर्टाचं, हाताला येईल ते. वरून मात्र साहेबाचा कोट वाटायचा.

पुढच्या सुट्टीला मीच तिला ओढून त्याच दुकानात नेलं. जरा मन रमेल म्हटलं. रमलंही. एका छत्रीची मूठ बदकाच्या तोंडाची होती, त्या बदकाशी ताई इतकं काही बोलली की आम्ही हसून बेजार झालो. मग पुरुषांच्या कपड्यांपाशी ती एकदम थबकली. एक तपकिरी बाही धरून उभी. बाही उलटी केली, तर आत पोराच्या शर्टाचं ठिगळ. तिने कोटात तोंड खुपसलं. कुणीतरी तो धुऊन काढला होता, भावजींचा वास गेला होता, तरी ती सोडेना.

मी म्हटलं, घे आणि चल घरी, पैसे मी देते. तर बाई हट्टाला पेटली.

"माझ्याच घरातून गेलेल्या वस्तूला पूर्ण पैसे मोजू? हे असते तर हसले असते मला. शनिवारी अर्ध्यात नेईन."

मी हात जोडले, रागावले, काही उपयोग झाला नाही. कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून तिने कोट पुरता उलटा केला, अस्तर बाहेर ठेवून घडी घातली आणि ढिगाच्या तळाशी सारला. परतताना काय खुशीत होती! कोट कुठे टांगायचा, अस्तर कोणतं लावायचं, सगळं ठरवून मोकळी. इतक्या दिवसांनी तिला तशी बघून मलाही बरं वाटलं.

शनिवारी दुकान उघडायच्या आधी आम्ही दारात. ताईने एकेक चादर बाजूला केली. तळ लागला, कोट नव्हता. दुकानवाल्या बाईंना विचारलं, तर आठवता आठवता त्यांचा चेहरा पडला. आदल्या दिवशी त्यांनी ढीग आवरला होता. फाटकं-विटकं निघेल ते कापून गॅरेजवाल्यांना पुसायला द्यायचं, हा तिथला नेम.

"ठिगळांचं काहीतरी होतं खरं," बाई म्हणाल्या. "अस्तर बघितलं नि चिंध्यांत टाकलं. उलटून नाही हो पाहिलं. तुम्ही ठेवलेलं असेल असं मनातसुद्धा आलं नाही. तुम्ही कधी फाटकं उचलत नाही."

पोती गॅरेजला गेली होती. एक अर्धवट भरलेलं मागे उरलं होतं, ते बाईंनी ओतून दिलं. अर्ध्या किमतीला आलेली गर्दी अंगावरून जात होती आणि माझी ताई जमिनीवर बसून चिंध्या चाळत होती. हाती एकच तपकिरी तुकडा लागला, खांद्याचा. बाईंनी पैसे घेतले नाहीत. फुकट मिळालेल्या वस्तूचा ताईला आनंद झाला नाही, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

वाटभर तिने तो तुकडा मुठीतून सोडला नाही. मी मनातल्या मनात पोराला शिव्या घातल्या आणि हिच्या चिकटपणालाही सोडलं नाही.

घरी तिने तो तुकडा टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली. चिरंजीव नटूनथटून बाहेर निघाले होते. आज काय लूट आणली, म्हणत हसला, तुकडा उचलला, वाकला आणि बुटावरची धूळ पुसायला लागला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठणार तोच ताईने माझा हात धरला.

"पूस," ती त्याला म्हणाली. "नीट पूस. लहानपणी बाबांच्या ज्या खांद्यावर झोपायचास ना, तिथलंच आहे ते."

तो वाकलेला तसाच राहिला.

"तू टाकलास आणि मी चार पैशांसाठी हातात आलेला घालवला," ती म्हणाली. "दोघांनी मिळून संपवला आपण त्यांचा कोट."

त्याने कापड तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं नाही.