दादाने डोक्याला हात लावला तेव्हा

माझा दादा निमोनियाने गेला, असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो. खोटं आहे ते.

दादा डोक्यात ब्लीडिंग होऊन गेला. आज त्याची पुण्यतिथी. तीसेक वर्षं झाली, आईही आता नाही. तर लिहूनच टाकते एकदाचं.

नव्वदीतली गोष्ट. आम्ही डोंबिवलीला, दोन खोल्यांत. बाबा आधीच गेलेले.

दादा एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होता, एकोणतीस वर्षांचा. घरात स्थळं येत होती आणि हा प्रत्येक मुलीचा फोटो बघून म्हणायचा, "चांगली आहे गं, पण हिला मी आवडणार नाही."

एक नंबरचा नग!

चार दिवस ताप अंगावर काढला त्याने. पाचव्या दिवशी ओठ निळे पडले. ठाण्याला नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलात नेलं, तेव्हा डॉक्टर आमच्याशी बोलतसुद्धा नव्हते, नुसते पळत होते.

घशात नळी, बाजूला व्हेंटिलेटर. दादाचा श्वास आता मशीन घेणार होतं.

आठवड्याने जरा सुधारला. डोळे उघडायला लागला, हात हलवायला लागला. नळीमुळे बोलता येत नव्हतं, तर मला बघून भुवया उडवायचा. माणूस मशीनवर, आणि मस्करी चालू!

मग पाय सुजला. पडून पडून शिरेत रक्ताची गुठळी झालेली.

डॉक्टरांनी मला आणि मामाला केबिनमध्ये बोलावलं.

"ही गुठळी फुप्फुसात गेली तर मशीनही काही करू शकणार नाही. रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यावं लागेल. पण त्याने ब्लीडिंगचा धोका असतो. डोक्यातसुद्धा होऊ शकतं."

"मग ते कळणार कसं?" मी विचारलं.

"तीच तर पंचाईत आहे. एरवी पेशंट सांगतो, डोकं दुखतंय. हा बोलू शकत नाही. सिस्टर बघतीलच, पण जवळ जो कोणी बसेल त्यानेही लक्ष ठेवा. सारखा डोक्याकडे हात नेला, एखादा हात लुळा वाटला, की लगेच हाक मारा."

मी सही केली. चोवीस वर्षांची होते.

बाहेर आल्यावर मामा हळूच म्हणाला, "ताईला यातलं काही सांगू नको हं. हाय खाईल ती."

मी म्हटलं, "नाही सांगत."

आमच्याकडे असंच होतं. वाईट बातमी आईपर्यंत न्यायचीच नाही. बाबांच्या वेळीही तिला सगळ्यांत शेवटी कळलेलं. याला आम्ही माया म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला दादाजवळ बसवून मी औषधं आणायला गेले. एक औषध जवळ कुठे मिळेना, चार दुकानं फिरले.

परत आले तर आई दारातच. चेहरा असा खुललेला की मला वाटलं, नळी काढली की काय!

"अगं, आज त्याने तेल मागितलं!"

सांगते. शाळेत होता तेव्हापासून दर रविवारी आंघोळीआधी आई त्याच्या डोक्याला तेल लावायची. घोडा झाला तरी हा तिच्यासमोर बसायचा आणि डोक्यावर हात ठेवायचा. म्हणजे, चल, लाव.

त्या दुपारी त्याने डोक्यावर हात ठेवला. दोनदा.

ओठ सुकतात म्हणून सिस्टरनेच खोबरेल तेलाची बाटली आणायला सांगितलेली. ती उशाशी होतीच.

मी आत धावले. "किती वेळ झाला?"

"झाला असेल तासभर. बघ ना, कसा गाढ झोपलाय."

मी ओरडले. सिस्टर धावत आल्या, दादाच्या डोळ्यांत टॉर्च मारला. एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली.

दोन दिवसांनी दादा गेला.

तासभर आधी कळलं असतं तर? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मोठं ब्लीडिंग होतं. कदाचित नसता वाचला. कदाचित वाचला असता."

त्या दुसऱ्या 'कदाचित'ने माझी झोप उडवली.

आईला मात्र आम्ही "निमोनिया वाढला" एवढंच सांगितलं. आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, "जाता जाता माझ्याकडून तेल लावून घेतलं हो त्याने."

दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वर्षश्राद्धाला ती पुन्हा तेच कुणाला तरी सांगत होती. पाहुणे गेले आणि माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. केबिन, इंजेक्शन, सही, मामा.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी चौथी शिकलेय, पण बावळट नाहीये. मला सांगितलं असतंस तर मी सिस्टरला हाक मारली असती."

"हो आई."

तिने मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती उठली आणि भांडी घासायला लागली.

संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसली. "तेव्हा त्याचं डोकं फार दुखत असेल का गं?"

नाही गं, त्याला काही कळलंही नसेल. हे अगदी ओठांवर आलेलं. सवयच ती. पण गिळलं.

"हो आई. फार दुखत असेल."

तिने स्वतःचे तळहात उघडून बघितले.

"मग बरं झालं," ती म्हणाली, "मी जोरात नाही चोळलं. नुसता हळूहळू हात फिरवला."

आम्ही दोघी खूप रडलो.

दादा, तू नीट सांगितलेलंस रे.

तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

तुला मनापासून नमस्कार.