मांजरपाटाची बंडी

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. मी पुरुषांचे कपडे शिवतो. बायकांचे कपडे माझी बायको शिवते, आणि माझ्यापेक्षा चांगले शिवते. मशीनवर बसून तिनं उभी हयात काढली आणि त्यात तिचे दोन्ही गुडघे गेले. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं, तर डॉक्टर म्हणाले की दोन्ही बदलावे लागतील. त्यांनी दाखल व्हायची तारीख दिली.

पैशाची सोय झाली होती. आमच्या गल्लीतल्या दुकानदारांची भिशी चालते. त्या वेळची भिशी मला मिळाली आणि त्यात आमची शिल्लक मिळवली. अडचण एवढीच की भिशी शनिवारी संध्याकाळी रोख हातात आली, पुढं दोन दिवस बँकेला सुट्टी होती, आणि दाखल व्हायचं होतं सोमवारी सकाळी. रक्कम किती होती ते सांगत नाही. तेव्हाही कुणाला सांगितली नव्हती.

एवढी रोकड घेऊन एसटीनं कोल्हापूरला जायचं कसं, हा प्रश्न पडला. समोरच्या किराणावाल्यांनी या विषयात बराच विचार केलेला होता. त्यांचं म्हणणं असं, की ज्याच्याकडं पैसे असतात तो सारखा खिसा चाचपतो, आणि चोर माणूस बघत नाही, त्याचा हात बघतो. पिशवी छातीशी धरली की संपलं. ती सीटखाली ठेवली की झोप लागते. पैसा अंगाला चिकटलेला असावा आणि तो आहे हे आपल्यालासुद्धा विसरता यावं. शिवाय कुठल्या दिवशी, कुठल्या गाडीनं जाणार हे सख्ख्या माणसालाही सांगू नये. माझी मुलगी कोल्हापुरात कळंब्याला दिलेली आहे. कळंबा म्हटलं की लोकांना तुरुंग आठवतो, म्हणून आम्ही तलावाजवळ असं लगेच जोडतो. तर त्या मुलीलाही आम्ही सांगितलं नाही.

रविवारी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मी स्वतःसाठी बंडी शिवायला बसलो. चांगलं दुहेरी मांजरपाट घेतलं. पुढं आणि पाठीला कप्पे केले. घामानं नोटा भिजू नयेत म्हणून बंडलं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि कप्प्यांत सपाट बसवली. कप्प्यांना बटणं लावली असती, पण बटण निघतं. चेन लावली असती, पण चेन फाटते. म्हणून कप्प्यांची तोंडं मशीनवर शिवूनच टाकली, दोन दोन टिपा मारून. बंडी हलू नये म्हणून अंगाला घट्ट बेतली आणि पुढचा भाग सोमवारी पहाटे बायकोकडून अंगावरच हातशिलाईनं शिवून घेतला. उघडायची कशी, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. शिंप्याचं डोकं शिवण्यात चालतं.

तिनं दोरा दातानं तोडला आणि मला लांबून बघितलं. "पोट सुटल्यागत दिसतंय," म्हणाली. ते बरंच होतं. वरून ढगळ नेहरू शर्ट घातला.

घरात आम्ही आमची दखनी उर्दू बोलतो. पण ती रागावली किंवा तिचं काही ठरलं, की मराठीत येते. लग्नानंतर हे कळायला मला थोडे दिवस लागले. एकदा कळल्यावर फार उपयोग झाला.

सोमवारी सकाळी आम्ही एसटीत बसलो. एप्रिल महिना होता. वाटेत उतरावं लागू नये म्हणून मी आदल्या रात्रीपासून पाणी बेतानं प्यायलो होतो. गडहिंग्लजहून कोल्हापूरला जाणारी गाडी संकेश्वर, निपाणी करत कर्नाटकातून जाते आणि कागलजवळ परत महाराष्ट्रात येते. निवडणुकीचे दिवस होते आणि आचारसंहिता लागलेली होती, म्हणजे रोकड नेणाऱ्या प्रत्येकाला पोलीस विचारत होते की कुठली, कशाची. माझे पैसे माझेच होते, पण भिशीची पावती नसते.

कागलच्या नाक्यावर गाडी थांबवली आणि एक हवालदार वर आले. एकेकाची पिशवी उघडत आमच्यापाशी पोहोचले. आमच्या पिशवीत पाण्याची बाटली, भाकरीचं फडकं, हिचे दोन कपडे आणि एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. त्यांनी पाकिटात हात घालून एक्स-रे बाहेर काढला.

"हे काय?"

"गुडघं," बायको म्हणाली.

त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरून नीट बघितला. "लईच झिजल्यात की," म्हणाले आणि पाकिटात घालून परत दिला. पुढं माझ्याकडं बघून विचारलं की पावण्यांना एवढा घाम का फुटलाय. बायको म्हणाली, त्यांना काळजी लागलीय माझी. हे खोटं नव्हतं. हवालदार मागच्या सीटकडं गेले.

तिथून पुढं मला बरं वाटेना. प्लास्टिक तापलं होतं आणि पाठीला इस्त्री टेकल्यासारखं होत होतं. श्वास वरच्या वर अडकत होता. मी समजलो की बंडी घट्ट झालीय. बायकोला काही बोललो नाही. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो, तिला हात देऊन खाली घेतलं, आणि फलाटावर दोन पावलं टाकली असतील नसतील, समोरचे लोक आडवे दिसायला लागले. खरं तर आडवा मी झालो होतो.

पुढचं काही मला अर्धवट आठवतं आणि काही बायकोनं नंतर सांगितलं. भोवती माणसं जमली. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं. कांदा आणा, असं कुणी म्हणालं. आणि कोल्हापूरची माणसं मदतीला आली की हातचं राखून करत नाहीत, तसे दोघं-तिघं माझ्या शर्टाची बटणं काढायला लागले. मला धड बोलता येत नव्हतं, पण मी दोन्ही हातांनी गळपट्टी धरून ठेवली. त्यांना वाटलं, माणसाला आकडी आलीय. ते आणखी जोर लावायला लागले.

माझी बायको तोवर पिशवी टाकून, त्या गुडघ्यांनिशी, माझ्याजवळ खाली बसली होती. ती गेल्या दोन वर्षांत जमिनीवर बसली नव्हती.

"त्यास्नी हात लावायचा न्हाय," ती म्हणाली. "त्यास्नी गुदगुल्या हुत्यात."

यावर गर्दी क्षणभर थांबली. एक रिक्षावाला पुढं आला होता, तो म्हणाला, "मावशी, हितं जीव चाललाय आन् गुदगुल्यांचं काय घिऊन बसलाय?" त्यानं माझ्या काखेत हात घालून मला उचललं. उचलताना हाताला काय लागलं कोण जाणे, म्हणाला, "पावण्यांनी पट्टा बांधलाय काय?"

"कंबरंचा हाय," बायको म्हणाली.

"कंबरंचा गळ्यापातूर?"

तिनं उठायला हात पुढं केला. तिला उठवायला आणखी दोघं लागले. रिक्षावाल्यानं दवाखाना कुठला असं विचारल्यावर तिनं आमच्या हॉस्पिटलचंच नाव सांगितलं, कारण दुसरं तिला माहीत नव्हतं. तिथं हाडांपासून हृदयापर्यंत सगळं एकाच इमारतीत होतं, हे दारावरच्या पाटीवर लिहिलेलं तिनं मागच्या खेपेला वाचलं होतं, पण ते तेव्हा तिच्या डोक्यात नव्हतं. रिक्षावाल्यानं भाडं घेतलं नाही. आमच्याजवळ सुट्टेही नव्हते.

दारात चाकाची खुर्ची आणली, ती हिच्यासाठी. तिनं माझ्याकडं बोट केलं. आत मला पलंगावर निजवलं, पडदा ओढला आणि बायकोला बाहेर थांबायला सांगितलं. ती थांबली नाही. नर्स तरुण होती आणि घाईत होती. छातीला वायरी लावायच्या होत्या. तिनं शर्टाची बटणं काढली आणि खाली शिवलेली बंडी बघून तिला काही समजेना. तिनं ओढून बघितलं. बंडी निघण्यासारखी नव्हती, ती मीच शिवली होती. मग तिनं बँडेज कापायची मोठी कात्री उचलली आणि सरळ मधोमध लावली.

मी तिचं मनगट धरलं. स्टँडपासून मी एक अक्षर बोललो नव्हतो. पहिल्यांदा बोललो ते हे.

"शिवणीवरनं कापा."

तिनं बघितलं आणि खरंच शिवणीवरून कापलं. पुढची शिवण उसवली तसा श्वास थोडा खाली उतरला. बंडी अंगाखालून ओढताना पाठीचा एक कप्पा कात्रीत सापडला आणि बंडलं जमिनीवर पडली. पडद्याच्या आत डॉक्टर, नर्स आणि एक मावशी होत्या. डॉक्टर म्हणाले, "हे बाजूला ठेवा आणि हलू नका."

बायको वाकून एकेक बंडल उचलत होती. तिला वाकताना काय होतं ते मला माहीत होतं. मावशी मदतीला वाकल्या तर ती म्हणाली, राहू द्या. सगळं ओढणीत बांधून ती स्टुलावर बसली आणि मग मात्र ते गाठोडं तिनं छातीशी घट्ट धरलं, किराणावाल्यांनी करू नये म्हणून सांगितलं होतं अगदी तसं.

मला वाटत होतं, बंडी निघाली, आता उठून बसावं, पाणी प्यावं आणि हिला दाखल करावं. पण डॉक्टरांनी वायरीच्या यंत्राचा कागद बघितला, परत काढायला लावला, आणि दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. त्या दिवशी दुपारी माझी अँजिओग्राफी झाली. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झालेली होती. मी विचारलं की बंडीमुळं झाली का. डॉक्टर म्हणाले की नळी बंडीनं आवळून बंद होत नाही, ती बऱ्याच वर्षांत होते. उन्हानं, पाणी न प्यायल्यानं तुम्ही आज पडलात. नाहीतर पुढं कधीतरी पडला असता, कदाचित घरी, एकटे. स्टेंट घालावा लागेल, आणि लवकर.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. माझा विचार असा होता, की गोळ्या घ्याव्यात आणि ठरल्याप्रमाणं हिचे गुडघे करून जावेत. भिशी परत इतक्यात मिळणार नव्हती. हे मी तिला आमच्या दखनीत हळूच सांगितलं. म्हटलं, हे पैसे तुझ्या गुडघ्यांचे आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

ती मराठीत आली.

"गुडघं कुठं पळून चाललेत?"

मला वाटलं, ती चेष्टा करतेय. मी तिच्याकडं बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. गाठोडं घेऊन ती उठली आणि भिंतीला धरत धरत पैसे भरायच्या खिडकीकडं गेली. जाताना तिची पाठ दिसत होती. एवढा लांब व्हरांडा मी आयुष्यात बघितला नाही.

खिडकीवर आणखी एक घोटाळा झाला. प्लास्टिक असूनही घाम आत गेला होता, आणि ओल्या नोटा यंत्र घेईना. तिथल्या बाईंनी त्या टेबलावर पसरून पंखा लावला. बायको खुर्ची ओढून तिथंच बसली आणि एकही नोट उडू दिली नाही.

संध्याकाळी मुलगी आणि जावई आले. हॉस्पिटलनंच फोन केला होता. जावई शांत माणूस आहे, पण त्या दिवशी बोलला. म्हणाला, अब्बा, सकाळी एक फोन केला असता तर मी गाडी घेऊन गडहिंग्लजला आलो असतो. पैसेही गाडीत आले असते, तुम्हीही आला असता. एवढं मोठं काम करताना इतकी साधी गोष्ट डोक्यात का आली नाही, हे मला अजून सांगता येत नाही. आम्ही चोराचा विचार इतका केला, की आपल्या माणसांचा करायचा राहून गेला.

स्टेंट बसला. चौथ्या दिवशी मला सोडलं. गल्लीत किराणावाल्यांनी मत दिलं, की बंडी घातली नसती तर रोग सापडलाच नसता, म्हणजे सल्ला बरोबर होता. मी वाद घातला नाही. डॉक्टरांनी वाद घालायला मनाई केली होती.

बायकोचे गुडघे राहिले. ती पूर्वीसारखी मशीनवर बसायची. बसताना आणि उठताना तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघायचा, कण्हण्याच्याही अलीकडचा. दुकानात गिऱ्हाईक असलं की ती तो दाबायची. मी माप घेत असलो तरी मला ऐकू यायचा आणि मी आकडा विसरायचो. गिऱ्हाईकाला वाटायचं, म्हाताऱ्याचं कान गेलं. तिनं एकदाही त्या पैशांचा विषय काढला नाही. मी दोन-तीनदा काढला, तर ती म्हणाली की तुमच्या हृदयाचा विषय मी रोज काढत नाही, तेव्हा तुम्हीही माझ्या गुडघ्यांचा काढू नका.

दोन वर्षांनी तिची ऑपरेशनं झाली, आधी एका पायाचं आणि नंतर दुसऱ्याचं. पैसे जावयानं आणि मी मिळून घातले. ते फोनवरून गेले, मला दिसलेसुद्धा नाहीत. पहिल्या वेळी तिला आत नेताना नर्सनं अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. तिनं कानातल्या कुड्या काढल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या. म्हणाली, खिशात ठेवा. मी हो म्हटलं आणि मुठीत धरल्या. ती बाहेर येईपर्यंत मूठ उघडली नाही. मुलीनं चहा आणला, तो डाव्या हातानं प्यायलो.

आता आम्ही सुट्टीत मुलीकडं कळंब्याला जातो, तेव्हा सकाळी तलावाकडं फिरायला निघतो. डॉक्टरांनी मला बेतानं चालायला सांगितलंय आणि तिला भरपूर. ती पुढं जाते, वळणावर थांबते, आणि मी पोहोचलो की परत चालायला लागते.