परकराची कंपनी

चिंध्या आणि किस्से, दोन्हींचं सारखंच. टाकून द्यायचे म्हणून बाजूला ठेवावेत, तर बघता बघता पोतं भरतं. आमच्या कंपनीत दोन्हींना तोटा नव्हता. कंपनी म्हणजे कळंबोलीत लोखंडाच्या बाजारामागे एक गाळा, सहा मशिनी आणि आठ बायका. नव्वदच्या दशकातली गोष्ट, एक्स्प्रेसवे व्हायच्या आधीची. माल, बायकांच्या योगाच्या पॅन्ट. ब्रँडचं नाव ‘ऐसपैस’. ते अजून चालू आहे, म्हातारी झाले ती मी! मी चेकिंगला होते. धागे कापायचे आणि भांडायचं, ही माझी दोन कामं. दुसरं मी जास्त मन लावून केलं.

*

मालकीण सुधाताई. त्या खांदेश्वरला सोसायटीच्या हॉलमध्ये योगाचा क्लास घ्यायच्या. बायका साडीतच यायच्या, पदर खोचला की झालं. एकदा सर्वांगासन चाललं होतं. एका काकूंचे पाय वर गेले आणि साडी खाली आली, थेट तोंडावर. सगळा क्लास हसू दाबत आडवा. सुधाताई धावत गेल्या, तर साडीच्या आतून काकूंचा शांत आवाज आला, “ताई, आता श्वास घेऊ की सोडू?”

त्याच आठवड्यात सुधाताईंनी घरच्या मशीनवर पहिली पॅन्ट शिवली.

*

गाळा घेतल्यावर सुधाताईंनी दारावर पाटी लावली, ‘बायकांच्या पॅन्ट शिवण्यासाठी महिला पाहिजेत.’ पंधरा दिवस एक बाई फिरकली नाही. बाईनं पॅन्ट घालायची हेच लोकांना पटत नव्हतं, मग शिवणार कोण? शेवटी पाटीवरून पॅन्ट काढली आणि बायका आल्या.

घरी मात्र जिनं तिनं आपापली थाप मारली. उरणकडच्या जैबूआपा, आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या, त्यांनी सांगितलं शाळेचे युनिफॉर्म. साताऱ्याच्या पार्वतीनं सांगितलं परकर. मी सांगितलं उशीचे अभ्रे. एका गाळ्यात तीन कारखाने! आपांचा पुतण्या एकदा युनिफॉर्मची चौकशी करत आला, तेव्हा मी त्याला दारातूनच हाकलला. शाळा उघडल्यावर ये म्हटलं. शाळा उघडून महिना झाला होता.

आम्हाला ती गंमत होती, पार्वतीला नव्हती. तिचा नवरा बाजारात हमाली करायचा. माणूस भला, पण त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं की असलं-तसलं काही शिवत असलीस तर घरी बसायचं. लग्नानंतर दहा वर्षं ती घरीच बसली होती. हात असा सरळ चालायचा की मला चेकिंगला धागा सापडायचा नाही, आणि ही म्हणायची, “मला कुनी कवा चांगलं म्हनलंच न्हाय, हितं आल्यावर म्हनलं.” नवऱ्याला कळलं तर हे काम सुटणार, ही तिची धास्ती.

*

प्रत्येक लॉटमधली एक पॅन्ट घालून उकिडवं बसून बघायचं, हा सुधाताईंचा नियम. आम्ही लाजायचो. जैबूआपा नाही. त्या पडद्यामागे जाऊन पॅन्ट घालायच्या, वर झगा सोडायच्या, बिस्मिल्ला म्हणायच्या आणि बसायच्या. मग हात वर करून कान लावायच्या. टर्र झालं तर लॉट परत. एकदा त्या अर्ध्यातच थांबल्या. आम्हाला वाटलं कंबर धरली. तर म्हणाल्या, “पंखा बंद कर गं, ऐकू येत नाय.”

*

पार्वतीची सासू घरी गोधड्या शिवायची. तिच्यासाठी पार्वती दर शनिवारी चिंध्यांचं गाठोडं न्यायची. एका शनिवारी सासूबाईंनी विचारलंच, एवढी परकराची कंपनी, आणि घरात एक परकर आला नाही तो कसा?

झालं! पार्वती रडत आली. आम्ही पॅन्टच्याच कापडाचा परकर बेतला. ताणणारं होजिअरी कापड, नाडीच्या जागी इलास्टिक. असला परकर जगात कुणी पाहिला नसेल. सासूबाईंना तो इतका आवडला की त्यांच्या बिल्डिंगमधून आणखी सात जणींनी मागितला. पॅन्टचं गिऱ्हाईक अजून दुकानात बिचकत होतं आणि आमच्या थापेला मात्र ऑर्डरी येत होत्या.

*

पुढं दोनेक वर्षांनी आली साडेसाती. नवं कापड कमी ताणायचं, पॅन्ट मधोमध उसवायला लागली. वाशीच्या एका दुकानानं अख्खा गठ्ठा परत पाठवला. आम्ही दोरा बदलला, टीप दुहेरी मारली. आपा बसल्या, टर्र. पुन्हा शिवलं, पुन्हा टर्र. सुधाताई कधी आवाज चढवायच्या नाहीत. त्या दिवशी खुर्चीत बसून हळूच म्हणाल्या, पुढचा लॉट परत आला तर मी गाळा सोडते. भांडायचं माझं काम सोडून मी त्या दिवशी नुसते धागे कापले.

पार्वतीचं जेवणावरचं मन उडालं. घरी सासूनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, परकर बसल्यावर मधोमध उसवतायत.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात सासूबाई उभ्या. काखेत गोधडी. पार्वती हातातली पॅन्ट खाली टाकून तिच्यावरच बसली. मी दार अडवायला गेले, पण मला बाजूला सारून त्या आत आल्या आणि कटिंगच्या टेबलावर त्यांनी गोधडी पसरली.

आमच्याच चिंध्यांची. आणि प्रत्येक तुकडा चंद्रकोरीसारखा वळलेला.

“परकर कापताना असं तुकडं निघत्यात व्हय?” सासूबाई म्हणाल्या. “पयल्या गाठोड्यालाच कळलं मला.”

त्यांनी पार्वतीच्या खालून पॅन्ट ओढून घेतली, उलटी केली आणि मधल्या जागी बोट ठेवलं.

“चार शिवनी एका टिपक्यावर आनल्यात. उसवंल न्हायतर काय? आमचं मालक दिसभर शेतात उकिडवं बसायचं. त्यांच्या लेंग्याला मी हितं चौकोन घालायची.”

त्यांनी तळहाताएवढा चौकोन कापला. पार्वतीनं डोळे पुसले आणि तो तिनंच बसवला. जैबूआपा पडद्यामागे गेल्या. कुणी न सांगता मी पंखा बंद केला. बिस्मिल्ला ऐकू आलं. मग काहीच ऐकू आलं नाही. आपा तीनदा बसल्या, तिन्हीदा काही नाही. सुधाताईंनी वाकून सासूबाईंच्या पायांना हात लावला. मला रडू आलं, आता सांगायला लाज कसली.

सासूबाई गोधडीची घडी घालायला लागल्या. पार्वती दबक्या आवाजात म्हणाली, “आत्याबाई, ह्यास्नी कळलं तर?”

“त्याला काय कळतंय?” सासूबाईंनी गोधडी काखेत मारली. “त्यो दोन वर्सं ह्याच गोधडीवर निजतोय.”