नवव्या झाडाखालचा कचरा

अहो, हिंदुराव पाटोळ्यांसमोर झाडाचं पानसुद्धा गळायला घाबरायचं! माणदेशातला हा गडी निघोज्याच्या एका चॉकलेट कंपनीत बावीस वर्षं हाउसकीपिंग सांभाळत होता. थेरगावच्या घरी ताटाबाहेर शीत सांडलं तरी बायकोला दहा मिनिटं ऐकून घ्यावं लागे.

कंपनीनं पाहुण्यांना दाखवायला हिरव्या जाळीच्या शेडमध्ये कोकोची नऊ झाडं लावली होती. हिंदुरावांनी ती पोटच्या लेकरांसारखी जपली. खोडाला शेकड्यांनी बारीक फुलं यायची आणि एक-दोन दिवसांत गळून जायची. सहा वर्षांत फळ म्हणून एक नाही. शेवटी मोठ्या साहेबांनी फर्मान काढलं, सोमवारच्या ऑडिटला एकही फळ दिसलं नाही तर झाडांना रेड टॅग. म्हणजे निरुपयोगी मालाला बांधतात ती लाल चिठ्ठी. ती लागली की माल गेटबाहेर. मग हिंदुरावांनी काय करावं? शेड आणखी घासूनपुसून लख्ख केली.

त्या घासाघाशीत शुक्रवारी त्यांना शेडमधल्या पाण्याच्या टाकीमागच्या बोळकांडीत कुजक्या पानांचा ढीग दिसला. झाडलोट करणाऱ्या कस्तुराबाईंचा प्रताप. बाई महाळुंग्याच्या, साठीला टेकलेल्या. हिंदुरावांचं डोकं असं सणकलं की त्यांनी ढिगात काठी रोवून तिला रेड टॅग बांधला आणि बाईंची रवानगी केली संडास-बाथरूमकडे.

शनिवारी ते धुराच्या मशीनमध्ये औषध भरत असताना क्वालिटीच्या मृदुला मॅडम आल्या. फळ का धरत नाही, हे त्यांनी कोकोच्या बागाईतदारांना फोन करून विचारलं होतं. हा धूर कधी मारता, असं त्यांनी विचारताच हिंदुरावांची छाती फुगली. सहा वर्षांत एक शनिवार चुकला नाही, म्हणाले, या शेडमध्ये चिलट औषधालासुद्धा सापडायचं नाही.

मॅडमचा चेहरा उतरला. "काका, त्या चिलटांशिवाय कोकोला फळ धरत नाही."

कोकोचं फूल इतकं नाजूक, की मधमाशीचा तिथं पाड लागत नाही. टाचणीच्या डोक्याएवढी चिलटंच पराग इकडून तिकडे नेतात, आणि ती जन्मतात कुजक्या, ओल्या पानांत. पुढंही तसंच. पिकलं तरी फळ आपण होऊन उकलत नाही. रानात माकडं नि खारी ते फोडतात, गर चोखून बिया टाकतात, तिथं नवं झाड उगवतं. आणि हिंदुरावांनी खारी येऊ नयेत म्हणून दुहेरी जाळी ठोकलेली!

ते पालथ्या बादलीवर मटकन बसले. सहा वर्षं रोज पानं वेचली, दर शनिवारी धूर मारला. करायला गेले गणपती अन् झाला मारुती. झाडांच्या मुळावर दुसरं कुणी नाही, आपणच उठलो होतो.

एकदम त्यांना ढीग आठवला. ते उठले आणि टाकीमागं अंग चोरून शिरले. नववं झाड तिथंच होतं. टाकीआड ना धूर पोचत होता, ना हिंदुराव; तिथली झाडलोट कस्तुराबाईंवर सोडलेली. काल चिठ्ठी बांधताना रागाच्या भरात त्यांनी मान वर केली नव्हती. आज केली. खोडाला वांग्याएवढं हिरवं फळ लोंबत होतं.

आणि खाली त्यांच्याच अक्षरात चिठ्ठी. "निरुपयोगी. सोमवारी हलवा."

हिंदुराव तडक संडासांकडे गेले. त्यांना पाहताच कस्तुराबाई घाबरल्या. गुडघं लई दुखत्यात, दारापत्तूर टोपली न्यायला जीव जायचा, म्हणून पानं तिथं लोटली, असं काकुळतीला येऊन सांगू लागल्या. बावीस वर्षांत कुणापुढं न वाकलेला हा माणूस चारचौघांसमोर हात जोडून उभा राहिला.

"बाई, चुकलो. चला शेडमध्ये."

दोघं शेडमध्ये आली. हिंदुरावांनी ढिगावरची लाल चिठ्ठी सोडली आणि धुराच्या मशीनला बांधली. कस्तुराबाईंनी सवयीनं झाडू उचलला. हिंदुरावांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि बसायला बादली पुढं सरकवली.